भट्टी का तापत नाही? : कार्यकारणभावाचा एक पाठ

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावा, तर तो १९४३ च्या प्रतिसरकारवर किंवा बाबासाहेबांच्या सातारा येथील बालपणावर असावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती आणि ती रास्तच होती. आम्ही मात्र स्वयंपाकघरातील विजेच्या भट्टीवर लिहिण्याचे ठरविले आहे. या भट्टीने गेल्या पावसाळ्यात आम्हाला जो धडा दिला, तो इतिहासाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. परंतु स्वतः आचरणात आणण्याची वेळ आली तेव्हा विसरलो. तो विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे क्रमाने मांडीत आहोत.

घटना

कृष्णाकाठच्या आपल्या निवासी शाळेत बेकरीचे प्राथमिक शिक्षण देण्यासाठी विजेची एक भट्टी आहे. तिची क्षमता २००० वॅट असून तिच्यात वर एक व खाली एक असे १००० वॅटचे दोन एलिमेंट आहेत. वर्षावासाच्या काळात एके सकाळी नानकटाईचा ट्रे बाहेर काढला, तेव्हा ती वरून करपलेली आणि खालून कच्ची होती. आदल्या संध्याकाळी इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने ओल्या फडक्याने भट्टी पुसली होती. एवढी एक गोष्ट कळताच निकाल लागला. 'याने पाणी घातले, म्हणून कॉइल जळाली,' असे स्वयंपाकघरात कोणीतरी म्हणाले, भोजनगृहात दहा जणांनी ते पुन्हा म्हटले आणि दुपारपर्यंत ते सत्य ठरले. तालुक्याच्या गावच्या एका दुरुस्ती कारागिराने भट्टी न उघडताच 'नवीन घ्या' असा सल्ला दिला. त्या मुलाच्या घरून नुकसानभरपाई मागवावी, अशीही सूचना पुढे आली. त्याचे आई-वडील ऊसतोडणीला जातात, हे सर्वांना ठाऊक होते.

आम्ही त्या सूचनेला विरोध केला नाही. उलट मुलाला बोलावून 'खरे सांग' असे दरडावले. तो 'फडके पिळून घेतले होते, सर' एवढेच म्हणाला. त्यानंतर तो बेकरीच्या तासाला येईनासा झाला.

त्या आठवड्यात दहावीच्या वर्गाला कालामसुत्त समजावून देत असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. मग भट्टीची गोष्ट आपण कशावरून मानली?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. विज्ञानाच्या शिक्षकांना आणि आपल्या शाळेचे काम पाहणाऱ्या वायरमनना विनंती करून दुसऱ्याच दिवशी आम्ही तपासणी आरंभिली.

एलिमेंटची रचना

दोष शोधण्यापूर्वी निर्दोष वस्तू कशी चालते हे ठाऊक असले पाहिजे. तारेतून विद्युतप्रवाह वाहिला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या, रोधाच्या आणि वेळेच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४०-४१ च्या सुमारास मांडला. पुढे प्रश्न उरला तो तारेचा. लोखंडाची तार लाल होताच हवेतील ऑक्सिजनने खाल्ली जाते. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधला व १९०६ साली त्याचे पेटंट घेतले. हाच नायक्रोम होय. त्यात साधारणतः ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियम असते. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. आपल्या इस्त्रीत, गिझरमध्ये आणि भट्टीत आज हीच तार आहे.

भट्टीत मात्र ही तार उघडी नसते. तिची बारीक स्प्रिंग करून ती धातूच्या नळीत मधोमध बसवितात आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड घट्ट दाबून भरतात. या पुडीचा गुण असा की, ती उष्णता बाहेर जाऊ देते. परंतु वीज जाऊ देत नाही. म्हणून आत २३० व्होल्ट असूनही निर्दोष एलिमेंटच्या नळीत वीज उतरत नाही. ही पूड कोरडी असेल तोपर्यंतच हे खरे आहे. ती ओलावा शोषते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारा वाद आहे.

एलिमेंटचा रोध किती असावा, हे गणिताने आधीच काढता येते. व्होल्टचा वर्ग करून त्यास वॅटने भागावे. २३० चा वर्ग ५२,९००. त्यास १००० ने भागले असता ५२.९ ओहम येतात. म्हणजे आपल्या भट्टीचा प्रत्येक एलिमेंट सुमारे ५३ ओहम दाखविणार. थंड असताना थोडा कमी दाखविला तरी चिंता नाही. १५०० वॅटच्या एलिमेंटचा रोध सुमारे ३५ आणि २००० वॅटच्या एलिमेंटचा सुमारे २६ ओहम येतो. मीटर हातात घेण्यापूर्वी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. अपेक्षा काय आहे हे ठाऊक नसेल, तर मीटरवरील आकडा काहीच सांगत नाही.

तपासणीचा क्रम

भगवान बुद्धांनी दुःखाविषयी चार गोष्टी सांगितल्या : दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते, आणि ते घालविण्याचा मार्ग आहे. कुशल वैद्य याच क्रमाने रोग पाहतो. आम्ही फळ्यावर हेच चार टप्पे लिहिले. लक्षण कोणते? कारण कोणते? ते दूर झाले हे कशावरून ओळखावे? दूर करण्याचा मार्ग कोणता?

सर्वप्रथम सुरक्षेचा नियम. भट्टीचा खटका बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून काढून सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवावा. भट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी. विद्यार्थ्यांनी शिक्षक वा वायरमन यांच्या उपस्थितीशिवाय एकही स्क्रू काढू नये. ज्या तपासण्या पुढे दिल्या आहेत, त्या सर्व वीज तोडलेल्या स्थितीतच करावयाच्या आहेत.

आता लक्षणाकडे वळू. वरचा एलिमेंट तापत होता, खालचा तापत नव्हता. या एका निरीक्षणाने अर्धे संशयित सुटले. सॉकेटमध्ये वीज नसती, फ्यूज गेला असता, किंवा दोन्ही एलिमेंटना सामाईक असलेला थर्मोस्टॅट बिघडला असता, तर वरचाही तापला नसता. तेव्हा संशय उरला तो चौघांवर : वर-खाली निवडण्याचा खटका, तेथून खाली येणारी तार, तारेचे टोक जेथे बसते तो जोड, आणि स्वतः एलिमेंट.

वायरमननी भट्टीची मागील पाट उघडली. जोड किंचित काळवंडलेले होते, पण तार निसटलेली नव्हती. अनेक ठिकाणी दोष येथेच सापडतो. सैल जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो आणि अखेर जळतो. अशा वेळी बिचारा एलिमेंट चांगला असूनही फेकला जातो. म्हणून जोड आधी पाहावा.

मग मल्टिमीटर ओहमवर लावून त्याच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकविल्या. आकडा शून्याजवळ आला, म्हणजे मीटर ठीक आहे. साक्षीदाराची साक्ष घेण्याआधी साक्षीदार विश्वासार्ह आहे काय, हे पाहणे इतिहासातही आवश्यक असते. एलिमेंटच्या टोकावरील तार काढून घेतली. ती तशीच ठेवली, तर दुसऱ्या वाटेने आलेला रोध मीटरवर दिसून फसगत होते. वरच्या एलिमेंटने ५१ ओहम दाखविले. खालच्याच्या दोन्ही टोकांना काड्या लावल्या, तेव्हा मीटरने 'मर्यादेबाहेर' अशी खूण दाखविली. म्हणजे आतील तार तुटलेली होती. एलिमेंट मागच्या वळणावर एका ठिकाणी फोडासारखा फुगलेला होता, तोही आता डोळ्यांना दिसला.

दोषी कोण?

एलिमेंट गेला, हे सिद्ध झाले. पण पाण्याने गेला, हे सिद्ध झाले काय? कार्यकारणभावाचा नियम असा की, हे असेल तर ते होते. हे नसेल तर ते होत नाही. पाणी हे कारण मानले, तर पाण्याचे कार्य काय? पूड ओली झाली की वीज तारेतून नळीत उतरते आणि भट्टीच्या अंगातून अर्थिंगकडे गळते. ही गळती ३० मिलिअँपिअरच्या वर गेली की आरसीसीबी नावाचा खटका पडतो. आपल्या स्वयंपाकघरातील तो खटका त्या सकाळी पडला नव्हता. 'तेव्हा गळती नव्हती आणि पाणीही नव्हते,' असे आम्ही उत्साहाने जाहीर केले.

त्यावर त्याच विद्यार्थिनीने हरकत घेतली. "सर, अर्थिंगची तारच तुटलेली असेल तर? मग गळतीला वाटच नाही. खटका पडणार कसा?"

हरकत बिनतोड होती. आम्हाला हवा तो निष्कर्ष मिळाल्यावर आम्ही पुरावा तपासणे थांबविले होते. कालपर्यंत मुलाच्या विरोधात केलेली चूक आज त्याच्या बाजूने करीत होतो, एवढाच फरक. वायरमननी मुख्य खटका बंद करून भिंतीतील सॉकेट उघडले, तर अर्थिंगची तार खरोखरच निसटून बाजूला पडली होती. किती दिवसांपासून, हे सांगणे शक्य नव्हते. त्या काळात एलिमेंटमध्ये गळती झाली असती, तर भट्टीच्या दाराला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातूनच वीज जमिनीत गेली असती. हा दोष एलिमेंटच्या दोषाहून कितीतरी भयंकर होता आणि त्याची जबाबदारी कोणा विद्यार्थ्याची नव्हती, आम्हा मोठ्यांची होती.

म्हणून खटक्याची साक्ष सोडून प्रत्यक्ष मोजणी केली. ५०० व्होल्टच्या मेगरने एलिमेंटचे टोक आणि बाहेरील नळी यांच्यामधील रोध पाहिला. तो दोन्ही टोकांकडून कित्येक मेगओहम निघाला, गळती नव्हती. काढलेला एलिमेंट फुगलेल्या जागी करवतीने कापला. नळीला भोक नव्हते. पूड कोरडी होती. तार त्या जागी झिजून, बारीक होऊन तुटली होती. तरीही एक मुलगा म्हणाला, "मधल्या दिवसांत पाणी वाळले असेल."

तेव्हा कागदपत्रे कामास आली. बेकरीच्या तासाला प्रत्येक गट नोंदवही लिहितो. त्या वहीत घटनेच्या अठरा दिवस आधीची एक नोंद सापडली : खालची बाजू तापली नाही, पुन्हा सुरू केल्यावर तापली. आणखी सहा दिवसांनी तशीच दुसरी नोंद होती. झिजलेल्या तारेची टोके कधी टेकतात, कधी सुटतात. पूर्ण तुटण्याआधी एलिमेंट असाच वागतो. फडके फिरविण्याच्या कितीतरी आधी दोष सुरू झाला होता. कार्य आधी आणि कारण नंतर, असे होत नाही. मुलगा निर्दोष होता.

मग तार एकाच जागी का झिजली? भट्टीच्या तळाशी सांडलेली साखर-तूप सहज निघावे, म्हणून तेथे अॅल्युमिनियमचा कागद अंथरण्याची पद्धत होती. तो कागद एलिमेंटला चिकटून उष्णता कोंडतो आणि तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. हेच एकमेव कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. वापराने एलिमेंट म्हातारा होतोच. परंतु जेथे कागद वर चढत असे, नेमका तेथेच फोड होता. आणि कागद अंथरण्याची सूचना आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी सर्वांसमक्ष आम्ही त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. भिक्खुसंघाच्या विनयात वाद मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत, त्यांत पहिला सम्मुखविनय होय : संबंधित व्यक्ती समोर असताना, तिचे म्हणणे ऐकून निर्णय करावयाचा. आम्ही निर्णय आधी केला आणि मुलाला नंतर बोलावले, हा आमचा अपराध होता. नवा एलिमेंट बसविताना पहिला स्क्रू त्यानेच पिळला.

नवा एलिमेंट घेताना वॅट, लांबी, वळण आणि टोकांची ठेवण जुन्यासारखीच असावी. काळवंडलेले जोड बदलावेत. उष्णता सोसणारी तार वापरावी. घरगुती पीव्हीसी वेष्टनाची तार भट्टीच्या आत चालत नाही. प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून भट्टीच्या अंगापर्यंतचा रोध शून्याजवळ आहे, याची खात्री करावी. प्रथम खिडक्या उघडून भट्टी वीस मिनिटे रिकामी चालवावी. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. परंतु ते बटण केवळ खटक्याची परीक्षा घेते, अर्थिंगची नव्हे, हे आता आपण शिकलो आहोत.

महापूर आणि भिजलेली उपकरणे

पाण्याचा आरोप या प्रकरणी खोटा ठरला, म्हणून पाणी निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. आपल्या अनेक विद्यार्थ्यांची घरे या दोन्ही वेळी पाण्यात होती. पूर ओसरल्यावर भट्टी, गिझर, मिक्सर बाहेरून पुसून लगेच सुरू करण्याचा मोह होतो. तो प्राणघातक ठरू शकतो. एलिमेंटच्या टोकांतून आत शिरलेला ओलावा बाहेरून दिसत नाही. जोडांत आणि खटक्यांत गाळ बसलेला असतो. अशी वस्तू जाणकाराने उघडून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवून आणि मेगरने तपासूनच जोडावी. पाटण, महाबळेश्वर, जावळीकडील दमट पावसाळ्यात महिनोन्महिने न वापरलेल्या भट्टीतही पूड ओलावा धरते. अशी भट्टी लावताच आरसीसीबी पडू लागला, तर तो खटका काढून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. इशारा देणाऱ्याचे तोंड बंद केल्याने संकट टळत नाही.

हात लावण्याचा अधिकार

आता इतिहासाच्या शिक्षकाचे दोन शब्द. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. शाळेतील नळाला त्यांना हात लावता येत नसे; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. जास्त मजुरीचे आणि कौशल्याचे काम स्पर्शाच्या नावाखाली नाकारले गेले. 'हात लावू नकोस' या तीन शब्दांनी आपल्या कित्येक पिढ्यांना यंत्रापासून आणि यंत्राच्या ज्ञानापासून दूर ठेवले.

'हात लावू नकोस' असे वायरमनही म्हणतो. परंतु त्याच्या निषेधामागे कारण आहे, ते कारण मीटरवर दाखविता येते, आणि प्लग काढताच तो निषेध संपतो. स्पृश्यास्पृश्यतेच्या निषेधामागे असे कोणते मोजमाप होते? वीज कोणाची जात विचारीत नाही. चुकणाऱ्या प्रत्येकाला ती सारखाच झटका देते. जो निषेध तपासू देत नाही, तो रूढी होय. जो तपासून सिद्ध होतो, तो नियम होय. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली दृष्टी हीच.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे व वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर उद्योगीकरण हवे आणि त्यासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, ही भूमिका त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक समितीपुढे मांडली. त्याआधी १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांना विज्ञानाच्या व तांत्रिक शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, अशी मागणी त्यांनी केली होती. वीज निर्माण करणे आणि ती हाताळणारे हात घडविणे, ही दोन्ही कामे त्यांच्या दृष्टीने एकाच मुक्तीची अंगे होती.

आपला प्रदेश या दृष्टीने भाग्यवान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना वसविला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणून 'कमवा व शिका' हा मार्ग दाखविला. पाटण तालुक्यात अडविलेल्या कोयनेच्या पाण्यावर सह्याद्रीच्या पोटात १९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. त्यासाठी गावे उठली, माणसे विस्थापित झाली. आपल्या भट्टीत तापणाऱ्या तारेमागे एवढा इतिहास आहे. तिच्याकडे काळी पेटी म्हणून पाहणे आणि बिघडली की कोणाला तरी दोष देणे, हे त्या इतिहासाला शोभणारे नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील इस्त्रीवर किंवा गिझरवर लिहिलेले वॅट पाहून एलिमेंटचा अपेक्षित रोध काढा.

२. वरचा आणि खालचा, दोन्ही एलिमेंट तापले नाहीत, तर संशयितांची यादी कशी बदलेल? क्रमाने लिहा.

३. आरसीसीबी पडला नाही, एवढ्यावरून गळती नाही असे का म्हणता येत नाही?

४. आपण एखाद्यावर पुराव्याशिवाय ठेवलेला दोष आठवा. कोणती तपासणी राहून गेली होती, ते वहीत लिहा. हे उत्तर कोणाला दाखविण्याची आवश्यकता नाही.

ता. क. तो विद्यार्थी यंदा दहावीत आहे आणि भट्टीच्या नोंदवहीचे काम त्याच्याकडे आहे. तो रोजची नोंद न चुकता लिहितो. खाली तारीख घालतो आणि वेळही.

जय भीम! नमो बुद्धाय!